मिठागर नव्हे, समुद्र

"माजा जितू बुडाला ना, सायेब? मग सरळ सांगा."

माझ्या टेबलासमोर उरणजवळच्या मोरा बंदरातल्या हिराबाई कोळीण उभ्या होत्या. मी पनवेलच्या एका ऑफिसात क्रू मॅनेजर होतो. म्हणजे जहाजांना माणसं पुरवायची आणि त्यांच्या घरच्यांना उत्तरं द्यायची. पहिलं काम सोपं. हिराबाईंचा मुलगा आमच्या एका जहाजावर खलाशी होता आणि ते जहाज एस्टोनियाजवळ बर्फात अडकलं होतं.

"मावशी, तिकडे समुद्र गोठलाय. जहाज हलत नाही, एवढंच."

"दर्या गोठत नाय. जल्म गेला माजा दर्यावर. मासलीवर रोज बर्फ घालते मी, तुमी मना बर्फ शिकवता?"

नवऱ्याची होडी गेली तेव्हाही चार दिवस सगळे 'अडकलाय, येईल' म्हणत होते, असं त्यांनी सांगितलं. त्या रडत नव्हत्या. मलाच पाणी प्यावं लागलं.

मी समजावलं. तिकडे हिवाळा कडक पडला की जहाजं बंदराबाहेर खोळंबतात. बेटांवरच्या गावांची बोट बंद होते, तुफानात मोऱ्याची लाँच बंद होते तशी. मग लोक समुद्रावरून गाडी चालवत दवाखान्यात जातात. बर्फ फोडणारं जहाज असतं, त्याला आइसब्रेकर म्हणतात. त्याच्यासाठी लाइन होती आणि आमचा नंबर नववा. समुद्रावरून गाड्या जातात हे मी सांगायला नको होतं. उरलासुरला विश्वासही उडाला.

कॅप्टनला मेल करून फोटो मागवला. दुसऱ्या दिवशी प्रिंट दाखवली. पांढरं, सपाट, पार टोकापर्यंत.

"हे तं मिठागर हाय," हिराबाई म्हणाल्या.

मलाही ते उरणचंच वाटायला लागलं.

पुन्हा मेल केला : फोटोत जितू हवा. कॅप्टनने कारण विचारलं. मी 'अर्जंट' एवढंच लिहिलं.

या फोटोत जहाजाच्या शिडीखाली, बर्फावर पाय रोवून जितू उभा होता. दात काढून हसत होता. हिराबाईंनी प्रिंट डोळ्यांजवळ नेली आणि मग मात्र पदर तोंडाला लावून खूप रडल्या. मलाही हायसं वाटलं. डोळे पुसून त्यांनी पुन्हा फोटो पाहिला.

"बूट घालून दर्यावर उभा हाय! फोन लावा त्याला."

जहाजाचा सॅटेलाइट फोन घरच्यांसाठी नसतो, तरी जोडून दिला. चार दिवस ज्याला मेलेला समजत होत्या, त्याला पहिलं वाक्य होतं, "दर्याला नारळ दिलास का?"

"आये, इथं नारळ मिळत नाय."

"मग बूट काढ नि पाया पड."

आठवड्याने जहाज सुटलं. तेव्हापासून माझा नियम ठरला. घरच्यांना दाखवायच्या फोटोत जहाज नसलं तरी चालेल, माणूस हवा. फक्त कमरेपासून वर.