कोऱ्या चेंडूचा रंग

वेगवान पिचिंगची सवय व्हावी म्हणून मी आज मुलींच्या हातातल्या बॅटीच काढून घेतल्या. चेंडूंवर लाल-निळे मोठाले ठिपके काढले आणि सांगितलं, "चेंडू मारायचा नाही. नुसता बघायचा आणि ठिपक्याचा रंग सांगायचा." सॉफ्टबॉलमध्ये आधी डोळ्यांना दिसावं लागतं, हात मागाहून येतात. इतकं साधं आहे!

पण बघायला वेळ आहे कुणाला? चेंडू माझ्या हातातून सुटायच्या आत "लाल!", "निळा!" सुरू. वैतागून मी बिनठिपक्याचा, कोरा चेंडू टाकला, तरी "निळा!" आणि तेही खणखणीत आवाजात. यांना हे शिकवलं कुणी? आपणच की! प्रश्न संपायच्या आत हात वर करणाऱ्या पोरालाच आपण हुशार म्हणतो. पाहुण्यांसमोर पोरगी उत्तरासाठी जरा थांबली, की जीव वरखाली होतो तो आपला. "मला दिसलं नाही" असं म्हणायची सोयच आपण घरात ठेवलेली नाही.

शेवटी सानिका उभी राहिली. मी पुन्हा कोरा चेंडू टाकला. तिची नजर चेंडूबरोबर पार मागच्या जाळीपर्यंत गेली. आणि ती गप्प राहिली. माझ्या तोंडून 'शाब्बास' निघणार, तेवढ्यात जाळीमागून तिचे बाबा ओरडले, "अगं, गप्प काय उभी राहिलीस? काहीतरी बोल ना!"

सानिकाने माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"लाल," ती म्हणाली.