आमच्या व्याह्यांचं रिव्हॉल्व्हर

अमेरिकेतल्या काउबॉयच्या कमरेला नेमकं कोणतं रिव्हॉल्व्हर होतं याची मनापासून काळजी वाहणारा शेवटचा माणूस चाकणजवळच्या एका गावात राहतो, आणि तो माझा व्याही आहे. मुलीचं लग्न ठरवताना मुलाची नोकरी, घर, शेती असं सगळं आम्ही नीट पाहिलं होतं. सासऱ्यांचं हे वेड मात्र मध्यस्थाने शिताफीने लपवलं होतं. ते सुपारीच्या बैठकीतच उघडं पडलं. चिंचवडला आमच्या घरी दोन्हीकडची वडीलधारी मंडळी बसलेली, मानपानाचा नाजूक विषय निघालेला, आणि कोपऱ्यात आवाज बंद केलेल्या टीव्हीवर कुणी टोपीवाला घोड्यावरून गोळ्या झाडत होता. व्याही ताडकन उठले. माझ्या बायकोला वाटलं, पाहुणे रुसून चालले. ते सरळ टीव्हीपाशी गेले आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाले, "पाहुणं, ही लढाई त्यांच्या यादवीतली. हे रिव्हॉल्व्हर तवा जन्माला तरी आलं व्हतं का? तवाच्या रिव्हॉल्व्हरात सुटी दारू ठासायची, वरनं शिशाची गोळी दाबायची. ह्याच्या पट्ट्यात पितळी काडतुसं आली कुठनं?" काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "फसवणूकच आहे ही." त्यावर ते इतके खूश झाले की मानपानाचा विषय पुन्हा कुणी काढलाच नाही.

व्याह्यांची उभी हयात चाकणच्या एका कंपनीत तपासणी खात्यात गेली. मायक्रोमीटर लावायचा आणि केसाएवढा फरक दिसला तरी पार्ट बाजूला फेकायचा. तरुणपणी पहिली शिफ्ट सुटली की पिंपरीच्या थिएटरात जाऊन ते हे सिनेमे बघायचे, आणि त्यातली एकही गोष्ट तपासणीत पास होत नाही हे त्यांना तेव्हाच कळलं. निवृत्तीनंतर ते पूर्ण वेळ याच कामाला लागले. हिरो गोळ्या झाडायला लागला की ते एकेक बोट मिटतात. सहावं बोट मिटलं की थोडी वाट पाहतात, अजून संधी आहे अशा नजरेने. सातवी गोळी सुटली की मात्र मांडीवर थाप मारून ओरडतात, "भावा, भर की आता!" एकदा मी सहज म्हणालो, की सहापर्यंत तरी ठीक आहे ना? तर म्हणाले, "सहा बी न्हाई. शहाणा मानूस पाचच भरायचा. घोड्याखालचं घर रिकामं ठिवायचं, न्हाई तर घोड्यावरनं उतरताना घोडा दबून गोळी पायात." यातला कोणता घोडा बसायचा आणि कोणता बंदुकीचा, म्हणजे गोळीमागे आपटणारा खटका, हे समजायला मला जेवण होईपर्यंत वेळ लागला. नुसता चाप ओढत सुटणाऱ्या हिरोची तर त्यांना सोफ्यावर बसल्या बसल्या कीवच येते. त्या काळच्या रिव्हॉल्व्हरचा घोडा दर गोळीला अंगठ्याने मागे ओढावा लागायचा. नुसता चाप ओढून काही व्हायचं नाही. असा हा शस्त्रास्त्रांचा जाणकार दिवाळीत मात्र कानात कापसाचे बोळे घालून आतल्या खोलीत बसतो. जत्रेत फुगे फोडायची बंदूकसुद्धा त्यांनी कधी हातात धरलेली नाही. "आवाज फार व्हतो," म्हणतात.

गेल्या उन्हाळ्यात जावयाच्या ऑफिसातली एक मुलगी हौसेने मराठी काउबॉयचा छोटा सिनेमा काढायला निघाली. राहणारी पुनावळ्याची, आयटीतली, सुट्टीच्या दिवशी दिग्दर्शक. तळेगावच्या बाजूला दगडाची एक बंद पडलेली खाण तिने शोधून काढली होती. जावई भोळेपणाने वडिलांबद्दल बोलून गेला, "आमच्या दादांना यातलं सगळं कळतं." तिने आनंदाने बोलावलं. व्याह्यांनी कडक इस्त्रीचा शर्ट घातला आणि मला फोन केला, "पाहुणं, तुमी बी चला. साक्षीला मानूस पायजे."

सकाळी सगळं छान चाललं. मुंबईहून भाड्याने आणलेलं खोटं रिव्हॉल्व्हर त्यांनी दुरूनच न्याहाळलं आणि मान डोलावली. कथेतल्या काळाशी ते जुळत होतं. मग हिरो खडकाआडून गोळ्या झाडायला लागला आणि व्याह्यांची बोटं मिटायला लागली. "थांबा!" ते ओरडले. घोडा ओढला नव्हता. पुन्हा चित्रीकरण सुरू झालं, पुन्हा "थांबा!" गोळ्या संपल्या होत्या, तरी हिरो लढतच होता. दुपारपर्यंत कॅमेरावाल्या पोराने त्यांची खुर्ची टेम्पोच्या पलीकडे नेऊन ठेवली, तर हे तिथूनही ओरडले. शेवटी ती मुलगी त्यांच्यापाशी येऊन उकिडवी बसली. चिडली नव्हती, दमली होती.

"काका, तुम्ही बरोबर आहात. पण तुम्ही माझ्या माणसाकडे पार्ट तपासल्यासारखं बघताय. तो जीव वाचवतोय हो!"

व्याही हळूच म्हणाले, "म्हनूनच म्हन्तो ना पोरी. जीव वाचवायचाय आनि गोळ्या संपल्यात. ह्याच्यापरीस मोठं संकट कुठलं? आनि त्येच तू दाखवत न्हाईस."

तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "दाखवा मग. काय करेल तो?"

व्याही उठले, खडकाआड जाऊन बसले आणि जन्मात पहिल्यांदा त्यांनी रिव्हॉल्व्हर हातात घेतलं, खोटं का होईना. मागच्या बाजूची छोटी झडप उघडायची, सळई दाबून एकेक रिकामं काडतूस बाहेर ढकलायचं, चक्र फिरवायचं, नवं काडतूस बसवायचं. तोंडाने ते सगळं बिनचूक सांगत होते. हात मात्र ऐकत नव्हते. काडतूस भोकाच्या कडेला टकटक वाजत राहिलं, आत जाईना. एक खाली पडलं. दुसरंही पडलं. हसू लागलेली पोरं एकदम थांबली. आमच्याकडे आले की अलीकडे ते चहा का नको म्हणतात, हे मला त्या खाणीत समजलं.

त्या मुलीने कॅमेरावाल्याला खुणेने जवळ बोलावलं. "काका, तुमचे हात घेऊ का सिनेमात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला आवडली नाही. पकडल्या गेलेल्या माणसाची होती. मी म्हणालो, "पाहुणे, माणूस घाबरला की हात कापणारच. हेच खरं दिसेल."

"म्हाताऱ्याचे हात दिसत्याल पन," ते तिला म्हणाले.

"भ्यायलेल्या माणसाचे दिसतील, काका. तेच हवेत मला."

"मंग घ्या," ते म्हणाले, आणि खाली पडलेली काडतुसं वेचायला लागले.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले, "घरात कुनाला बोलू नगा. ह्या हातात मी मायक्रोमीटर धरलाय."

"तुमच्या घरात माझी मुलगी आहे," मी म्हणालो, "मी सांगणारच. उद्या आपण डॉक्टरकडे जायचं." ते रागावले, तळेगाव मागे पडेपर्यंत रागावलेले राहिले, आणि उतरताना त्यांनी विचारलं, "किती वाजता?" डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात असल्याचं सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या. कंप पूर्ण गेला नाही, पण कमी झाला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "डाक्टरनी हातोडी गुडघ्यावर बरुबर जागी मारली. मानूस चोख हाय."

सिनेमा पुनावळ्याच्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवला. व्याही, विहीणबाई आणि मी तिसऱ्या रांगेत होतो. हिरो खडकाआड दडला, गोळीबाराचा आवाज थांबला आणि अख्ख्या पडद्यावर फक्त दोन हात आले. काडतूस भोकाशी टकटकत होतं. पलीकडून कुणीतरी येत असल्याची पावलं ऐकू येत होती, आणि हात भरत होते, सांडत होते, पुन्हा भरत होते. मागून कुणीतरी पुटपुटलं, "काय अॅक्टिंग आहे राव!" विहीणबाईंनी चेहरा बघितला नव्हता, तो पडद्यावर नव्हताच; पण त्यांनी हात ओळखले. त्यांनी पदर सावरला आणि अंधारात व्याह्यांचा हात आपल्या हातात घेतला. इतक्या लोकांत त्यांना तसं करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"आवं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "भरंल ना त्यो?"

व्याही पडद्याकडेच बघत होते. पावलं जवळ आली होती.

"दम धर," ते म्हणाले. "भरतोय."