पत्र्याचं नख आणि सिनेमातली थप्पड

सिनेमा सगळ्यांनी पाहिलाय. निपाणीत तो आजही कुणाच्या ना कुणाच्या मोबाइलवर चालू असतो. गोष्ट बिडी वळणाऱ्या बायकांची. कारखान्यातला चेकर बिड्या तपासताना चांगल्या बिड्याही 'छाट' म्हणून बाजूला काढतो, त्यांची मजुरी देत नाही आणि पुढे त्याच गुपचूप विकून टाकतो. शेवटी नायिका पदर खोचते आणि त्याच्या कानफाडात लावते. त्या थपडेला थेटरात शिट्ट्या पडल्या होत्या.

ज्या चित्रकथेवरून हा सिनेमा निघाला, ती मात्र कुणी पाहिलेली नाही. चिकोडीच्या एका चित्रकलेच्या मास्तरांनी बिडी कामगारांच्या सभेत वाटायला ती काढली होती. सोळा पानं, पिवळट कागद. आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली, आणि ही चित्रकथा तर मला पाठ होती. तिच्यात थप्पड नाही. नायिकाही नाही. बारा चौकटींत बारा हात आहेत, आणि प्रत्येक हात आपल्या छाट बिड्या चेकरच्या टेबलावर चुरतोय. मजुरी नाही तर माल नाही, एवढीच गोष्ट. चौथा हात माझ्या आईचा. पहिला शेजारच्या आक्काचा.

सिनेमा आला तेव्हा मी पेटले होते. बारा बायकांनी केलेलं काम एका देखण्या बाईला देऊन टाकलं होतं, आणि उरलेल्या अकरा तिच्यामागे टाळ्या वाजवत उभ्या केल्या होत्या! मी लेख लिहिले, मित्रमैत्रिणींशी भांडले. राग सिनेमावर होता तोवर सोपं होतं. मग एक दिवस संकेश्वरहून आलेल्या पाहुण्यांना आई सांगायला लागली, "मीच हाणली की त्याला. असा गाल धरून बसला बघा."

"आई, तू बिड्या चुरल्यास. त्याही चौथ्या नंबरावर."

"तू होतीस काय गं तिथं? जन्मली न्हवतीस, आणि मला शिकवत्यास व्हय?"

पाहुणे हसले.

पुढे गल्लीतल्या महिला मंडळानं 'सिनेमातली खरी नायिका' म्हणून आईचा सत्कार ठरवला. मलाही चार शब्द बोलायला सांगितलं. मी ठरवलं, त्याच दिवशी चित्रकथा सगळ्यांसमोर धरायची. आदल्या दिवशी ती घेऊन आक्काकडे गेले. ती पायरीवर लसूण सोलत बसली होती.

मी पहिली चौकट उघडली. त्या हाताच्या अंगठ्यावर पत्र्याचं नख आहे. बिडीचं तोंड दुमडायला बाकीच्या बायका स्वतःचं नख वापरत. आक्काचं नख मऊ, सारखं मोडायचं, म्हणून तिनं डब्याचा पत्रा वाकवून अंगठ्यात घातला होता.

"आक्का, उद्या मी हे दाखवणार. पहिली तू होतीस."

तिनं कागद लांब धरून बघितला. "मास्तरांस्नी मीच सांगितलं, तोंडं काढू नका म्हणून. कामं जातील. लई गुणी माणूस. एक तोंड काढलं न्हाय." मग ती हसली. "नख मात्र हुबेहूब काढलं!"

मला काही कळेना.

"अगं, चेकरच्या हातात पडलं की हे पुस्तक. पत्र्याचं नख सगळ्यांत माझ्या एकटीचं. पुढच्या आठवड्यापास्नं मला वळायला पानं द्यायची बंद केली."

खोकल्यामुळे आक्कानं बिड्या वळणं सोडलं, असं मला लहानपणापासून सांगितलेलं. ज्या चित्रकथेला खरी म्हणून मी जगाशी भांडत होते, तिच्या खरेपणानंच हिचं काम गेलं होतं. सिनेमानं इतकं खोटं सांगितलं, पण कुणाच्या सुपातली पानं काढून घेतली नव्हती. मी चित्रकथा मिटली.

"मग तर सांगायलाच पाहिजे," मी म्हणाले. माझाच आवाज मला पत्रकासारखा वाटला.

"सांग की. तुला कोण अडवणार?" आक्कानं फुंकर मारून लसणाची सालं उडवली. "पण मला काढलं त्या दिवशी तुझी आई खाली मान घालून बसली. सगळ्याच बसल्या. पोटं होती गं त्यांस्नी. थप्पड तवा मारायची ऱ्हायली तिची."

सत्काराला आई नवी साडी नेसून, खांद्यावर शाल घेऊन खुर्चीत बसली होती. आक्का समोर पहिल्या रांगेत. आई गोष्ट सांगत थपडेपर्यंत आली आणि मध्येच अडखळली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, आक्काकडं बघितलं.

"व्हय न्हवं, आक्का?"

"व्हय तर!" आक्का बसल्या जागेवरून ओरडली. "लई जोरात हाणलीस!"

बायका खो खो हसल्या, टाळ्या वाजल्या. मग माझं नाव पुकारलं. मी माइकपर्यंत गेले, आलेल्या सगळ्यांचे आभार मानले आणि खाली उतरले. चित्रकथा पिशवीतच होती.