खेळ सुटेपर्यंत

माझ्या थोरल्या भावाला, आमच्या आण्णांना, खेळ चालू असताना कुणी फोन केलेला चालायचा नाही. मुरुमच्या टॉकीजचे ते मॅनेजर. मालक सोलापूरला, त्यामुळे तिकीट खिडकीपासून पडदा धुण्यापर्यंत सगळा कारभार त्यांच्याकडंच. तीन ते सहाचा खेळ एकदा सुरू झाला की घराला आग लागली तरी निरोप खेळ सुटल्यावर द्यायचा, असा घरचा कायदाच होता. आणि सहा वाजून गेले की त्यांचा फोन मला इकडं कळंबला यायचा. "सुमे, आज पब्लिक कुठं हललं सांगू का?" हे त्यांचं पहिलं वाक्य. तब्येत कशी, जेवलीस का, हे सगळं नंतर. म्हणून त्या दिवशी चारच्या सुमाराला त्यांचा नंबर मोबाईलवर दिसला तेव्हाच मला कळलं, काहीतरी झालंय. मी बाजारात ज्वारी बघत होते, मूठभर दाणे हातात होते. फोनवर आण्णा नव्हते, टॉकीजचे ऑपरेटर गफूरभाई होते. "आक्का, मैं गफूर…" एवढंच म्हणाले आणि रडायला लागले. मी हातातली ज्वारी पोत्यात परत टाकली आणि दुकानदाराला म्हणाले, नको भाऊ, आण्णा गेले. त्या बिचाऱ्याला काय माहीत कोण आण्णा… पण त्यानं डोक्यावरची टोपी काढली. दुपारी खिडकीत बसल्या बसल्याच त्यांची मान कलंडली होती. छातीत कळ आली म्हणतात. खेळ सुरू व्हायचा होता.

आण्णांनी आयुष्य टॉकीजमध्ये काढलं, पण पिच्चर धड एक बघितला नाही. पुढं पडद्याच्या कडेच्या दाराजवळ पाठ पडद्याकडं आणि तोंड माणसांकडं करून ते उभे राहायचे, हातात बॅटरी. लहानपणी मी त्यांना विचारायचे, आण्णा, तुम्ही पिच्चर का नाही हो बघत? "म्या कशाला बघू? त्यो काय बदलत न्हाय. पब्लिक रोज बदलतंय." कोण कुठं हसलं, कुणी कुणाच्या नकळत डोळे पुसले, कोणत्या गाण्याला बाया पदर तोंडाला लावून बसल्या, हे सगळं त्यांना ध्यानात असायचं. पुढं लग्न होऊन मी कळंबला आले, शाळेत शिकवायला लागले, तरी हा रोजचा अहवाल चालूच राहिला. माझा नवरा म्हणायचा, तुमच्या घरात बातम्यांऐवजी हेच लावतात काय? म्हटलं, व्हय, हेच लावतात. तुम्हाला काय करायचंय?

वहिनी लवकर गेल्या. महेश त्यांचा एकुलता एक. त्या गेल्यावर तो काही वर्षं शाळेसाठी माझ्याकडं होता, माझ्याच ताटात जेवायचा, झोपताना माझा पदर बोटाला गुंडाळून घ्यायचा. एरवी तो टॉकीजमध्येच वाढला. पोट दुखलं तरी इंटरवलपर्यंत थांबायचा, कारण आण्णांना मध्येच हाक मारायची नाही हे त्याला पाळण्यातच कळलं असावं. असा हा माझा महेश नोकरीला लागला, मुली बघायला सुरुवात झाली, आणि एका दुपारी हायवेच्या मोडावर त्याच्या मोटारसायकलीला टोमॅटोच्या पिकअपनं उडवलं. पिकअपचा ड्रायव्हर दत्तू, जवळच्याच गावचा. पळून गेला नाही, हे मी नाकारत नाही. त्यानंच महेशला उचलून गाडीत घातलं, उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. महेश रस्त्यात बोलत होता, शुद्धीवर होता, दवाखान्यात पोचल्यावर गेला. पण आण्णांना फोन आला तो सहानंतर. सगळी दुपार उलटून गेल्यावर! मोबाईल महेशच्या खिशात, नंबर समोर, आणि या माणसाला बापाला एक फोन करता आला नाही? लोक म्हणाले, प्रकरण मिटवायला वेळ घेतला. मीही तेच म्हणाले. आण्णांना पोराचं तोंड जिवंतपणी बघायला मिळालं असतं… ते मिळालं नाही, ही गोष्ट मी कुणालाही माफ करायला तयार नव्हते.

कोर्टात केस चालली. प्रत्येक तारखेला आण्णा उमरग्याला जायचे, दत्तूही यायचा. पुकारा होईपर्यंत दोघं त्याच व्हरांड्यात, एकाच बाकड्याच्या दोन टोकांना. बोलायचं नाही असं दोन्ही वकिलांनी बजावलेलं. आत विचारलं जायचं ते गाडीचं ब्रेक, रस्त्याचं वळण, कोण कुठून आलं. साक्षीदार म्हणाले आम्ही लांब होतो, नीट दिसलं नाही. शेवटी दत्तू सुटला. निकालाच्या दिवशी मी आण्णांना फोनवर म्हणाले, हा कसला न्याय? ते म्हणाले, "सुमे, तितं म्हेशबद्दल कुणी कायबी इचारलं न्हाय गं."

आणि मग तो पिच्चर आला. नाव सगळे विसरले, आमच्याकडं त्याला न्यायाचा पिच्चरच म्हणतात. जुन्या काळातला राजा, त्याचा दूधभाऊ सरदार. शिकारीहून परतताना सरदाराच्या घोड्याखाली एका कुंभारणीचं पोर जातं. ती दरबारात येते, राजा सगळं ऐकतो, आणि आपल्याच भावाला हत्तीच्या पायाखाली द्यायची सजा सुनावतो. बंद पडायला आलेलं आण्णांचं टॉकीज या पिच्चरनं पुन्हा भरलं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून माणसं यायची, बाया लेकरंबाळं घेऊन यायच्या. आण्णांचे फोन लांबत गेले. "सुमे, राजा दरबारात येतो तवा बाया चपला काढून बसत्यात! दाराबाहीर चपलांचा ढीग." सीमेपलीकडची एक कानडी म्हातारी सरदार दिसला की उभी राहून शिव्या घालायची आणि पोर मेलं की "अय्यो शिवा" म्हणून शेजारणीच्या गळ्यात पडायची. सजा सुनावली की शिट्ट्या, टाळ्या, टोप्या वर. गफूरभाईंना मशीन रूममध्ये आवाज ऐकू यायचा नाही इतका गोंगाट. आण्णांची एकच तक्रार होती. "निकाल झाल्यावर ती कुंभारीण सरदाराकडं जाती, कायतरी बोलती. पण शिट्ट्यांत ऐकूच येत न्हाय. गफूरला इचारलं, त्यालाबी म्हाईत न्हाय." मी म्हटलं, आण्णा, तुम्हाला कधीपासून पिच्चरमधलं ऐकावंसं वाटायला लागलं? त्यावर ते हसले नाहीत.

मग एका बाजाराच्या दिवशी दत्तू तो पिच्चर बघायला आला. का आला, देव जाणे. शेवटच्या रांगेत, कडेला बसला. शेजारची खुर्ची रिकामी, कारण तिची स्प्रिंग बिघडलेली. माणूस उठला की ती खट्कन वर मिटायची, म्हणून तिच्यावर कुणी बसत नसे. पडद्यावर राजानं सजा सुनावली आणि पुढच्या रांगांतून कुणीतरी ओरडलं, "दत्त्या, बघ! बघून घे!" झालं! सगळं टॉकीज मागं वळलं. शिट्ट्या पडद्याकडं नव्हत्या, दत्तूकडं होत्या. बाया उभ्या राहून बोटं दाखवत होत्या. आण्णा दारात होते. ते बॅटरी लावून मागं जाऊन त्या रांगेत शिरले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता कॉलर धरून बाहेर काढतात. मला विचाराल तर काढायलाच हवं होतं. आण्णा त्या मोडक्या खुर्चीवर दत्तूच्या शेजारी बसले, बॅटरी बंद केली आणि तोंड पडद्याकडं केलं. गफूरभाई म्हणतात, इतक्या वर्षांत त्यांनी आण्णांना खुर्चीत बसलेलं पहिल्यांदा बघितलं. हळूहळू सगळं गप झालं.

त्या संध्याकाळी फोनवर मी फार बोलले. तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या पोराला मारणाऱ्याशेजारी जाऊन बसता, लाज नाही वाटली? त्याला माफ केलंत? आण्णा म्हणाले, "माफ न्हाय केलं. बसलो फकस्त. सुमे, माझ्या पोराच्या मरणावर शिट्ट्या वाजत हुत्या. मला त्ये सोसंना." मग म्हणाले, "आन् सगळे गप झाले तवा त्या कुंभारणीचं बोलणं ऐकू आलं. ती सरदाराला म्हनती, शेवटचं त्याला तुम्ही बघितलंत. काय म्हणाला माझा पोरगा?" आणि पुढं म्हणाले, "म्या बी दत्तूला त्येच इचारलं. तितंच, आंधारात. त्यानं सांगितलं." मी ओरडले, काय म्हणाला महेश? आण्णा, काय म्हणाला? "त्ये तू त्यालाच इचार." मी म्हटलं, मी त्या माणसाचं तोंड बघणार नाही. तुम्ही सांगा. कितीदा विचारलं, पुढच्या महिन्यांत कितीदा भांडले… आण्णांनी सांगितलं नाही. गफूरभाईंकडून कळायचं, बाजाराच्या दिवशी खेळ सुटला की दत्तू येतो, रिकाम्या टॉकीजमध्ये दोघं त्याच दोन खुर्च्यांवर बसतात. आण्णा खिडकी बंद करून येईपर्यंत दत्तू ती मोडकी खुर्ची हातानं खाली दाबून धरतो, बस्स.

आता आण्णा गेले आणि महेशचे ते शब्द या जगात एका दत्तूकडंच उरले. लातूरला गाडी बदलून मुरुमला पोचेपर्यंत मला हेच छळत होतं. भावाच्या मरणाला निघालेली बाई असा विचार करते का? करते. मी करत होते. मातीला दत्तू लांब बाभळीखाली उभा होता, जवळ आला नाही. मीही बोलावलं नाही.

तेराव्याचं जेवण उरकलं आणि गफूरभाई म्हणाले, "आक्का, आण्णाकू एक खेळ दिखाना है." पिच्चरच्या कंपनीला फोन करून त्यांनी तोच पिच्चर एका खेळापुरता मागवला होता. दुपारी तीनला टॉकीज उघडलं. माणसं आली, खुर्च्या भरल्या, भिंतीकडेनं उभी राहिली, दाराबाहेर चपलांचा ढीग लागला. मला पुढं बसा म्हणाले. मी बसले नाही. आण्णांची बॅटरी घेऊन त्या कडेच्या दाराशी, पाठ पडद्याकडं करून उभी राहिले. ते काय बघायचे ते मला एकदा बघायचं होतं. पडद्याचा उजेड माणसांच्या तोंडावर खेळत होता. दरबार भरला. ती कानडी म्हातारीसुद्धा आज उठली नाही. राजानं सजा सुनावली… आणि एकही शिट्टी वाजली नाही. सगळं पब्लिक पडद्यावरून नजर काढून दाराकडं, आण्णांच्या जागेकडं बघायला लागलं. तिथं मी होते. इतक्या डोळ्यांपुढं उभं राहणं किती कठीण असतं, ते मला तेव्हा कळलं. माझ्या पाठीमागून त्या कुंभारणीचा आवाज आला. शेवटचं त्याला तुम्ही बघितलंत. काय म्हणाला माझा पोरगा?

शेवटच्या रांगेत, कडेला, दत्तू बसला होता. तो दाराकडं बघत नव्हता. मान खाली, आणि एक हात शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर. ती मिटू नये म्हणून त्यानं ती दाबून धरली होती. खेळ सुरू झाल्यापासून धरली असणार.

मी मागं जाऊन त्या रांगेत शिरले. राग तर तसाच्या तसा होता, तो कुठं जाणार? दत्तूनं वर बघितलं आणि झटक्यानं उठायला लागला. मी म्हटलं, बस. त्यानं मी टेकेपर्यंत हात काढला नाही. मग मी बॅटरी बंद केली आणि पडद्याकडं बघत विचारलं, काय म्हणाला आमचा महेश?

"पानी मागितलं, आक्का," दत्तू म्हणाला. "दिलं म्या. मंग म्या त्येचा फोन काढला, बापाला लावतो म्हनलं. त्यानं माझा हात धरला. म्हनला, आण्णांना आत्ता लावू नगा, खेळ चालू हाय. सुटू द्या." त्यानं तोंड पुसलं. "जीव जाईल आसं त्याला वाटलं नसंल, आक्का. मलाबी वाटलं नव्हतं. म्या थांबलो, त्यो गेल्यावरबी त्येचं बोलणं मोडवंना. वकील म्हनला, ह्ये कोर्टात बोलू नको, बापावर ढकलतो म्हनतील. आण्णांना सांगितलं तवा त्यांनी माझा हातच सोडला न्हाय."

आण्णांनी ते मला स्वतःच्या तोंडानं का सांगितलं नाही, ते तेव्हा कळलं. मला मोठ्यानं रडावंसं वाटत होतं, उठून बाहेर पळावंसं वाटत होतं, महेशला उठवून दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटत होतं. पण मी उठले असते तर ती खुर्ची खट्कन वाजली असती, आणि खेळ चालू होता. दत्तूच्या शेजारी, पदर तोंडात धरून, मी तो सुटेपर्यंत बसून राहिले.