मार्थाची वही

सत्याहत्तर सालची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. मनकर्णा विहिरीवर मेथीच्या जुड्या धूत असताना अण्णाजी एका गोऱ्या पोरीला घेऊन आले. पोरगी उंच, नाक उन्हानं सोललेलं. अण्णाजी गावोगाव बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते.

"ही मार्था," ते म्हणाले. "कॅनडातून आली शिकायले. परदेशात जाचं, लोकाईच्या घरी राहाचं, गावाचं काम कराचं, हाच त्याईच्या कॉलेजचा अभ्यास. तीन महिने तुमच्याकडे राहील."

मनकर्णानं नवऱ्याकडं पाहिलं. तानबानं नुसती मान हलवली. अण्णाजींना नाही म्हणणं त्याला शक्यच नव्हतं. आदल्या साली आणीबाणीत देवळीच्या बाजारातून सरकारी माणसांनी त्याला वांग्याच्या पाटीजवळून उचलून जीपमध्ये घातलं होतं. नसबंदी करून दोन दिवसांनी सोडलं, तेव्हा कुणाची तरी बैलबंडी मागून त्याला घरी आणणारे अण्णाजीच होते. तानबाला एकच लेकरू, पंचफुला, तेव्हा दोन वर्षांची. त्या दिवसानंतर तो बाजाराला गेला नाही. पाटी मनकर्णाच डोक्यावर घ्यायची, आणि रस्त्यावर जीप दिसली की पाटी टाकून तुरीत शिरायची.

मार्था चांगली होती, हे मनकर्णाला दिसत होतं. झाडझूड करायची, वांग्याच्या वाफ्यांना पाणी द्यायची, तिखट भाजीनं डोळ्यांत पाणी आलं तरी ताटात काही टाकायची नाही. पण सकाळी बालवाडीत गेली की कडुलिंबाच्या फांदीला स्प्रिंगचा काटा टांगायची, लेकरांना झोळीत घालून वजन करायची आणि एका निळ्या वहीत लिहायची. मग घरोघर फिरायची. मराठीतलं पहिलं वाक्य तिनं शिकून घेतलं तेही तेच, "तुमाले किती लेकरं आहे?"

ते ऐकलं की मनकर्णा पंचफुलाला उचलून घरात न्यायची. जीपवाल्यांनी तानबाला हेच विचारलं होतं.

गावातल्या नत्थूनं पारावर ते बोलून दाखवलं. "मांगच्या सालीबी पहिले वहीच आलती. जीप मंगच आली." दोन दिवसांत बालवाडी ओस पडली. मार्था दिसली की दारं लागू लागली. विहिरीवर बाया मनकर्णाची घागर भरेपर्यंत लांब उभ्या राहू लागल्या. मनकर्णाही मार्थाशी बोलेनाशी झाली. पंचफुलाला ती क्षणभर नजरेआड करत नव्हती. पंचफुलाचं वजन झालं त्या दिवशी मार्थानं वहीत तिच्या नावासमोर लाल पेन्सिलीनं गोल काढलेला तिनं आपल्या डोळ्यांनी पाहिला होता. तो कशाचा, हे विचारायचं धाडस मात्र तिला झालं नाही.

एका सकाळी मार्था न्हाणीत शिरली तशी मनकर्णानं वही उचलली, पालकाच्या पाटीत खाली दडवली आणि पंचफुलाला कडेवर घेऊन शेजारच्या गावी इंग्रजी जाणणाऱ्या सदाशिवराव मास्तरांकडं निघाली. जन्मात पहिल्यांदा ती चोरी करत होती. समोरून कुणी आलं की ती वाट सोडून बांधावर चढे.

मास्तरांनी चष्मा लावून हळूहळू वाचलं. "नावं आहेत. वयं, वजनं. अकरा लेकरांना लाल खूण आहे. फार हडकलेली, दवाखान्यात न्यायला हवीत, असं लिहिलंय." त्यांनी पंचफुलाचा दंड दोन बोटांत धरून पाहिला. "हिचंही आहे."

मनकर्णानं पंचफुलाला छातीशी ओढलं. ज्याला भ्यायची ते नव्हतंच, आणि त्याच्या जागी हे निघालं.

"आणि मागं तिनं स्वतःचं लिहिलंय. घरधनीण माझ्याकडं पाहत नाही, माझं काय चुकलं कळत नाही. बाहेर माणसं बोलू लागली की मी भिते."

"ते भिते? आमाले?"

"असं लिहिलंय खरं."

परत येते तो अंगणात पंधरावीस माणसं. मार्था भिंतीला टेकून उभी, केस ओले, ओठ पांढरे. नत्थूच्या हातात वजनकाटा होता.

"वही कोठी आहे?" तो ओरडत होता. "जाळून टाकतो तिले!"

"मले मालूम नाई," मार्था पुन्हा पुन्हा म्हणत होती.

वही मनकर्णाच्या पाटीत होती. देऊन टाकली असती तर तिथंच मिटलं असतं. तिनं पाटी उतरवली, पालक बाजूला सारून वही काढली आणि छातीशी धरली.

"मीच नेलती. मास्तरकडून वाचून आणली."

नत्थूनं हात पुढं केला. "दे इकडे."

"देत नाई." आवाज फुटला तिचा. "जीपमंधी माहा माणूस गेलता, तुहा नाई. तुमच्या सगळ्याईपेक्षा मी जास्त भेतो. पण याच्यात माह्या पोरीचं वजन आहे आन् ते कमी आहे. काटा दे."

नत्थूच्या हातून तिनं काटा ओढून घेतला, अंगणातल्या लिंबाला अडकवला आणि रडत्या पंचफुलाला सगळ्यांदेखत झोळीत घातलं. मार्था पुढं आली, काट्याकडं पाहून हळूच म्हणाली, "नऊ किलो."

"तीन वर्साच्या पोरीचं," मनकर्णा म्हणाली. "एवढंच लिवते ते."

माणसं एकेक करून अंगणाबाहेर पडली. नत्थू जाताना म्हणालाच, "जीप आली त पयलं तुहंच घर दाखवीन." त्या धमकीनं पुढं आठवडाभर ती रात्री उठून रस्त्याकडं पाहून यायची.

वर्ध्याच्या दवाखान्यात पंचफुलाच्या छातीत क्षयाची सुरुवात निघाली. वर्षभर औषध चाललं. पोरगी वाचली. अकरांपैकी चार लेकरं त्याच आठवड्यात दवाखान्यात गेली. महिन्याभरानं नत्थूची सून मागच्या दारानं आली, लुगड्याआड लेकरू लपवून.

फेब्रुवारीत मार्था परत निघाली. बसथांब्यावर मनकर्णा म्हणाली, "तुही वही मी चोरली, पोरी."

"मालूम होतं," मार्था म्हणाली. "मी न्हाणीतून पाह्यलं. मी भेली, म्हून चूप राह्यली."

दोघी हसल्या, मग रडल्या.

काट्यावरचे आकडे मार्थानं तिला शिकवून ठेवले होते, म्हणून पुढं वजनाचं काम अण्णाजींनी मनकर्णावर सोपवलं. शेजारच्या गावी जायच्या पहिल्या दिवशी ती उंबऱ्यातच अडली. आकडे चुकले तर, लोकांनी दार लावलं तर. तानबा वाफ्यातून उठला, त्यानं हात धुतले, काटा खांद्यावर टाकला.

"चाल," तो म्हणाला. "मी काटा धरतो. तू वाच."