ज्याला मी उदबत्ती मिस्त्री केलं

२०२५ साल, मी बहात्तर वर्षांचा. गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसलो होतो, तेवढ्यात शेजारचा चहावाला इस्माईल हातातली किटली तशीच घेऊन आला आणि म्हणाला, "वस्ताद, उदबत्ती मिस्त्री गेले." मी म्हणालो, "कोण उदबत्ती मिस्त्री?" त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्यानं परत मोठ्यानं सांगितलं. मला पहिल्याच वेळी नीट ऐकू आलं होतं. त्या माणसाचं नाव भानुदास होतं, आणि मेल्याच्या बातमीतसुद्धा ते नाव येऊ नये अशी सोय मीच नऊ वर्षांपूर्वी करून ठेवली होती.

या गोष्टीला महिना होत आला. मी चौथी शिकलेला माणूस. नात म्हणाली, आजोबा तुम्ही सांगा, मी लिहून देते. नको म्हणालो. हे दुसऱ्याच्या हातानं लिहायचं काम नाही. हे पेपरला छापायला देतोय; शुद्धलेखन पेपरवाल्यांनी बघावं, बाकी काही बदलू नये.

भानू माकणी गावचा. आयटीआय करून उमरग्याला माझ्या गॅरेजवर काम मागायला आला तेव्हा मी त्याला एक जीप चालू करून दिली आणि म्हणालो, सांग हिचं काय दुखतंय. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजनाला लावलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग म्हणाला, "इंजन बरं हाय वस्ताद, पंखा ढिला हाय. पन ते तुमाला आधीच म्हाईत हाय." त्याच दिवशी ठेवून घेतला. तेवीस वर्षं आम्ही एका बॉनेटखाली डोकी घातली. दुपारी दोघांचे डबे एकत्र उघडायचे. तो बौद्ध घरातला, मी लिंगायत. सुरुवातीला माझी आई म्हणाली होती, त्याची ताटली वेगळी ठेव. मी ठेवली नाही. या गोष्टीचा मला लई अभिमान होता, चारचौघांत सांगायचो. आता कळतंय, जो माणूस असलं सांगत फिरतो त्यानं ताटली मनात वेगळीच ठेवलेली असते.

माझा कान तालुक्यात प्रसिद्ध होता. गाडी रस्त्यावरून नुसती गेली तरी कार्बोरेटर कुठं बिघडलाय ते मी सांगायचो. दोन स्क्रू, एक कान, बस्स. पण आमच्या डॉक्टरांनी हैदराबादहून एक तीस वर्षांची जुनी परदेशी गाडी आणली आणि तिला कार्बोरेटरच नव्हता. तिच्यात पेट्रोल पिचकारीनं आत जायचं, आणि किती जायचं ते हवा मोजणारं एक झापडं ठरवायचं. पळताना गाडी राणीसारखी. उभी केली की धापा टाकायची... आयडलिंगला वर जायची, खाली यायची, परत वर, आणि टोलनाक्यावर बंद पडायची. डॉक्टर वैतागले होते. मी स्क्रू पिळून रेस वाढवून दिली. आठ दिवसांनी परत आली. परत पिळला. परत आली.

भानूनं मध्ये गाडीचं पुस्तक वाचलं होतं. इंग्रजी. शब्द अडला की डॉक्टरांनाच फोन करून विचारायचा. मला न विचारता त्यांना विचारायचा, हे मला खुपलं. तिसऱ्या वेळी गाडी आली तेव्हा तो म्हणाला, "वस्ताद, ह्या गाडीला स्क्रूनं बरं वाटायचं न्हाय. हवा झापड्यातून न जाता मधूनच शिरतीय. झापड्याला वाटतंय हवा कमी हाय, म्हनून पेट्रोल कमी पडतंय." मी म्हणालो, "झापड्याला वाटतंय? झापडं काय बोललं व्हय तुला?" इस्माईलच्या टपरीवर सात-आठ लोक होते, हसले. भानू हसला नाही. त्यानं चालू इंजनाचं ऑइलचं झाकण काढलं. "बघा. चांगल्या गाडीचं झाकण असं काढलं तर लगेच बंद पडती. हिला काईच फरक न्हाय. म्हंजे आधीच कुठंतरी उघडी हाय." मला ते पटलं होतं. हे लिहून ठेवतो, मला तेव्हाच पटलं होतं.

मग त्यानं खिशातून उदबत्ती काढली. पेटवली आणि एकेका पाइपाजवळून हळूहळू फिरवायला लागला. जिथं फट असेल तिथं धूर आत ओढला जाणार, एवढी साधी गोष्ट. धूर सरळ वर चालला होता. तो झापड्याच्या पुढच्या घड्याघड्यांच्या रबरी पाइपापर्यंत आला, आणि मी त्याच्या हातातली उदबत्ती ओढून पायाखाली घातली. "गाडी पेटवतो काय रे?" म्हणालो. एवढ्यावर थांबलो असतो तर मिस्त्रीनं मिस्त्रीला दिलेला दम झाला असता. पेट्रोलजवळ जाळ, माझं बरोबरच होतं. पण लोक बघत होते, आणि मला अजून एकदा हसू हवं होतं. म्हणालो, "तुमच्यात देव न्हाय म्हनं. मग इंजनापुढं कुनाची पूजा करतोस? उदबत्ती मिस्त्री!"

लई हसले लोक. भानूनं हात पुसले. पाना जागेवर ठेवला, डबा उचलला. जाताना एवढंच म्हणाला, "पाइप तेवढा बघा, वस्ताद."

तो गेला आणि बायपासला पत्र्याचं शेड टाकून बसला. नाव मात्र त्याच्या आधी तिथं पोचलं होतं. असल्या पिचकारीच्या, म्हणजे इंजेक्शनच्या गाड्या आमच्याकडं वाढत गेल्या, आणि त्या ज्याला सगळ्यात जास्त कळत होत्या त्या माणसाकडं लोक स्कूटर धुवायला न्यायचे. कारण डॉक्टरांची गाडी त्याला जमली नव्हती ना. मला जमली होती.

कशी जमली ते आता सांगतो. भानू गेल्यावर पंधरा दिवसांनी गाडी परत आली. भर दुपारी शटर अर्धं ओढलं आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती आणून पेटवली. त्याच पाइपाजवळ नेली. धूर सरळ चालला होता, एकदम वाकला आणि घडीच्या आत गेला. पाइप काढून वाकवला तेव्हा दिसलं, दोन घड्यांच्या मध्ये नखाएवढी चीर. पाइप सरळ धरला की मिटायची, इंजन हललं की उघडायची. ओळखीच्या ट्रकवाल्याकडून हैदराबादहून दुसरा पाइप मागवला, बसवला, पिळलेला स्क्रू होता तिथं परत आणला. गाडी अशी शांत झाली की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवावा. डॉक्टरांनी विचारलं, "वस्ताद, काय होतं?" मी म्हणालो, "काय न्हाय, सेटिंग." डॉक्टर हसले. "मग भानूला एवढं जमलं नाही?" मी म्हणालो, "न्हाय जमलं."

जुना पाइप फेकायचा होता. नऊ वर्षं बेअरिंगच्या रिकाम्या खोक्यात पडून राहिला. भंगारवाला दर महिन्याला यायचा, मी ते खोकं बाजूला सरकवायचो.

भानू आजारी पडल्याचं कळलं तेव्हा एकदा बघायला गेलो. किडनीचं होतं. त्याची बायको शांताबाई, तिनं चहा दिला आणि आत गेली. भानू हातापायाची काडी होऊन पडला होता. गाड्यांचंच बोललो. मी म्हणालो, आता पोरं मशीन लावतात, मशीन सांगतं काय बिघडलंय, कान कुणाला नको. तो जरा हसला. मग म्हणाला, "वस्ताद, एक इचारू? डॉक्टरच्या गाडीचा पाइप... बघितला होता का तुमी?"

ही वेळ होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, हसायला कुणी नव्हतं. मी म्हणालो, "बघितला. बरा होता."

तो वरच्या पंख्याकडं बघत राहिला. "मंग माझंच चुकलं म्हनायचं."

"चुकतं एखाद्या वेळी," मी म्हणालो. चहा संपवला आणि घरी आलो. बारा दिवसांनी इस्माईल किटली घेऊन आला.

विहारात कार्यक्रम ठेवला होता. बुद्धाच्या मूर्तीपुढं भानूचा फोटो, पुढं उदबत्त्या. लोक कौतुकानं बोलत होते, ज्यांनी त्याच्याकडं कधी गाडी नेली नाही ते जरा जास्तच. मग माइकवरच्या माणसानं सांगितलं, "आता आपल्या उदबत्ती मिस्त्रींचे वस्ताद दोन शब्द बोलतील." त्याच्या स्वतःच्या विहारात, त्याच्या स्वतःच्या माणसानं, प्रेमानं म्हणलेलं. शांताबाई मान खाली घालून बसली होती. मी उभा राहिलो. तोंडात आलेलं सगळं गिळलं आणि म्हणालो, "माणूस लई चांगला होता." बसलो. अशा ठिकाणी टाळ्या वाजवायच्या नसतात म्हणून, नाहीतर लोकांनी वाजवल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅरेज उघडलं नाही. मागच्या दारानं आत जाऊन खोक्यातला पाइप काढला, फडक्यानं पुसला आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो. त्यांची ती गाडी बाहेर सावलीत उभी होती. मी तिथं कधी नंबर लावलेला नाही. वस्ताद दिसले की कंपाउंडर सरळ आत सोडायचा. त्या दिवशीही त्यानं दार धरलं. मी म्हणालो, "नंबर दे."

"तुमाला कशाला नंबर, वस्ताद?"

"दे म्हनलं न्हवं."

सतरावा मिळाला. बाकड्यावर माणसं दाटीवाटीनं बसली होती. शेजारची बाई म्हणाली, "बाबा, हे काय आनलंय? कुठं दुखतंय तुमचं?" मी पाइप वाकवून तिच्यापुढं धरला. चीर उघडली. मोठ्यानं म्हणालो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ही फट भानुदास मिस्त्रीनं सांगितली होती. म्या न्हाय म्हनलो." बाई जरा बाजूला सरकली. समोरच्या एकानं डोक्याजवळ बोट फिरवलं, ते मला दिसलं. आत चौथा पेशंट चालू होता. पाइप मांडीवर घेऊन मी बसून राहिलो.