शालूच्या ओसरीवरचं ताट

हिवरखेडच्या शिवारात गोदाबाई आणि शालू यांच्या वावरांमध्ये एक धुरा, म्हणजे सामाईक बांध, आहे. त्या धुऱ्यावर बसून दोघी वर्षानुवर्षं एकमेकींच्या डब्यातलं जेवल्या. म्हणूनच स्वतःच्या लेकीच्या लग्नातली गोष्ट शालूला सोसली नाही. पंगतीत गोदाबाईनं दोन घास घेतले, घटाघटा पाणी प्यायली आणि तोंडाला पदर लावून उठली. ताट तसंच राहिलं.

"वावरात कोनी पाहत नाई, तवा चालते," शालू नवऱ्याला म्हणाली. "पंगतीत चार कुनबी होते. त्याईच्यासमोर बौद्धाघरचं कशी खाईल?"

त्यानंतर शालू धुऱ्यावर जेवायला गेली नाही.

तुरीच्या सोंगणीत तिनं गोदाबाईला बाभळीआड पाहिलं. उभ्यानं, एक हात वर करून, ती घासावर पाणी ढकलत होती. मग वाकली. घास जसाच्या तसा बाहेर आला.

"काहून सांगतलं नाई मले?"

"काहून सांगू? भर पंगतीत ओकली असती, त लोकं म्हनले असते, शालूच्या घरचं खाऊन ओकली."

"मोठी आली माही इज्जत राखनारी," शालू म्हणाली आणि खाली पडलेला तांब्या उचलला.

गावात आजवर नुसत्या पित्ताच्या गोळ्या मिळाल्या होत्या. दोघी अकोल्याला गेल्या. दुर्बिणीनं तपासून डॉक्टरांनी कॅन्सर नसल्याचं सांगितलं. पांढरं औषध पाजून काढलेल्या एक्स-रेत अन्ननलिका वर फुगलेली, खाली चोचीसारखी निमुळती दिसत होती. घास पुढे ढकलणारे स्नायू हालेनासे झाले होते आणि जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडत नव्हता.

"ती हालचाल परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "खालचा घट्ट स्नायू कापून वाट मोकळी करता येईल. अन्न आपल्या वजनानं उतरेल."

अमरावतीला तोंडातून दुर्बीण घालून तो कापला. आधी पेज, मग मऊ भात. पुढे एका दुपारी गोदाबाई न बोलावता शालूच्या दारात आली.

"वाढ."

"आत तर ये."

"आत नाई. ओसरीवर. येनाऱ्या-जानाऱ्याले दिसलं पायजे."

शालूनं भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. गोदाबाई ताठ बसून बारीक चावत होती, घासामागे पाणी घेत होती. रस्त्यानं जाणारी तिची जाऊ थबकली. गोदाबाईनं मान वळवली नाही. एक घास मध्येच थांबला. डोळे मिटून ती वाट पाहत राहिली. समोर बसलेल्या शालूचा घास हातातच राहिला.

मग तो उतरला. गोदाबाईनं ताट पुढे सरकवलं.

"अर्धी अजून दे."